दोनशे एकतीस

ग्लासगोला राहायला आले, त्यानंतरची काही वर्षं माझ्याकडे एक हुकमाचा एक्का होता. सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी बेन नेव्हिसला जाऊन आल्याचं सांगू लागलं की मी चहाचा कप हातात धरून निमूट ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "किती मीटर म्हणालास?" तो १,३४५ म्हणायचा. मग मी अगदी सहज सांगायचे, "आमच्या नाशिकजवळ एक बाई राहते, ती १,६४६ आहे." अख्ख्या ब्रिटनमधला सगळ्यात उंच डोंगर आमच्या कळसूबाईपेक्षा ३०१ मीटरनं बुटका. हिशेब खात्यात नोकरी असल्यामुळे वजाबाकी कायम जिभेवर.

या वजाबाकीत एक खोट होती. ती मला चांगली ठाऊक होती आणि मी ती कधी बोलले नाही. बारी गाव मुळातच कळसूबाईच्या कडेवर बसलंय, तिथून माथ्यापर्यंतचा चढ हजार मीटरसुद्धा भरत नाही. बेन नेव्हिसची वाट सुरू होते ती जवळजवळ समुद्रसपाटीपासून. पायथ्याचं फोर्ट विल्यम गाव खाडीच्या काठावर आहे आणि तिथून वरचा प्रत्येक मीटर आपल्याच पायांनी कमवायचा असतो. शिवाय नाशिक विसाव्या अक्षांशावर, आणि हा डोंगर जवळपास सत्तावन्नाव्या. कळसूबाईच्या माथ्यावर एप्रिलमध्ये देवळाच्या सावलीला जागा मिळावी म्हणून भांडणं होतात. बेन नेव्हिसच्या माथ्यावर वर्षभराचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. सरासरी म्हणजे उन्हाळा धरून.

एकदा जूनमध्ये जाऊन आले होते. वर्षाला लाखावर माणसं हा डोंगर चढतात आणि त्यातली निम्मी त्याच दिवशी आली होती असं वाटलं. नवरात्रात कळसूबाईच्या शिड्यांवर असते तशी रांग, फक्त इथे परड्यांच्या जागी कुत्री. सॅन्डल घातलेली मुलं, बियरचे कॅन, एक माणूस चक्क पाठीवर फ्रीज बांधून कसल्याशा देणगीसाठी चाललेला. मी वर पोचले, फोटो काढला, उतरले आणि सोमवारी पुन्हा वजाबाकी ऐकवली.

तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई, जन्मानं हायलॅन्डची, मॉनिटरवरून नजर न हलवता म्हणाली, "फेब्रुवारीत जाऊन ये. मग बोलू."

इथल्या लोकांची ही तऱ्हा मला आवडते. सल्ला देत नाहीत, फक्त महिना सांगतात.

*

हिवाळ्यात इथल्या डोंगरावर एकटीनं जायचं नसतं एवढी अक्कल होती, म्हणून दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि तिसऱ्या दिवशी बेन असा बेत ठरवला. आम्ही चौघं आणि एक वाटाड्या. पन्नाशीचा, कमी बोलणारा, पाठीवरच्या पिशवीइतकाच झिजलेला. पहिल्या सकाळी त्यानं आमच्या पिशव्या रिकाम्या करायला लावल्या आणि वस्तूंवर नजर फिरवली. माझ्याकडे हातमोज्यांचे दोन जोड होते. यादीत तीन लिहिलेले. तिसरा जोड म्हणजे दुकानदारांची मिलीभगत, असं ठरवून मी तो घेतला नव्हता. तो काही बोलला नाही, फक्त दोन बोटं वर करून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हे प्रकरण पुढे येणार आहे.

त्या दोन दिवसांत मी काय शिकले म्हणाल, तर पडायला शिकले. सह्याद्रीत पंचवीस वर्षं चालून हे कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे घसरलात तर ढुंगणावर बसायचं, कारवीला धरायचं, पॅन्ट फाटते, लोक हसतात, विषय संपतो. कडक बर्फाच्या उतारावर घसरलात तर धरायला काही नसतं आणि एक-दोन सेकंदांत वेग एवढा वाढतो की मग काहीही केलं तरी थांबत नाही. म्हणून हातात आईस अ‍ॅक्स. चालताना ती कायम चढाकडच्या हातात धरायची, टोक मागे. पाय सुटला की तिच्या पात्यावर छाती टाकून, अंगाचं सगळं वजन त्या एका टोकात ओतायचं आणि पाय वर उचलायचे, कारण बुटांना लावलेले क्रॅम्पॉन्सचे दात बर्फात अडकले तर माणूस कोलांटी खातो. हे सगळं उताणं पडून, डोकं खाली करून, मुद्दाम घसरत शिकवतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एका उतारावर दिवसभर घसरगुंडी खेळले. बाराव्या-तेराव्या वेळी कुठे हात आपणहून फिरला, विचार करावा लागला नाही. तोवर मानेत एवढा बर्फ गेला होता की पाठीच्या मणक्यांची गिनती करता आली असती.

आणि बर्फाला इथे बर्फ म्हणून भागत नाही हेही कळलं. एक असतो तो साबुदाणा. खरंच साबुदाणा, तसाच गोल, पांढरा, टणटण उड्या मारत येणारा. तो उतारावर साचला की त्याच्यावर बसलेला थर गोट्यांवर ठेवलेल्या पाटासारखा निसटतो. एक असतो रांगोळीसारखा कोरडा, वाऱ्याबरोबर जमिनीलगत वाहणारा, तो पायघोळ होऊन घोट्याभोवती फिरत राहतो. एक असतो वितळून पुन्हा गोठलेला, ज्यात क्रॅम्पॉन टाकला की करकचून आवाज येतो आणि पाय खिळ्यासारखा बसतो. वाटाड्याचा चेहरा या तिसऱ्या आवाजानं खुलायचा. आणि दगडांवर जमतो तो चौथा, धुक्याच्या गारठलेल्या थेंबांचा, पिसांसारखा. गंमत म्हणजे ही पिसं वाऱ्याच्या दिशेनं झुकत नाहीत, वाऱ्याच्या तोंडावर वाढतात. आधी मी उलटंच समजत होते.

संध्याकाळी हिमस्खलनाचा अहवाल वाचायचा. स्कॉटलंडमधल्या सहा डोंगरी भागांसाठी हिवाळाभर तो रोज निघतो. त्यात एक वर्तुळ असतं, कुठल्या दिशेच्या आणि किती उंचीवरच्या उतारावर किती धोका ते रंगांनी दाखवलेलं. नैर्ऋत्येचा वारा सुटला की तो बर्फ उचलून डोंगराच्या ईशान्य अंगाला नेऊन ठेवतो, म्हणून धोका तिकडे. वारा फिरला की धोकाही फिरतो. माझी आजी प्रवासाला निघायच्या आधी दिशाशूल बघायची. मी तिला हसायचे. आता मी बी अ‍ॅन्ड बीच्या खोलीत बसून, चष्मा लावून, ईशान्येला जायचं नाही हे बघत होते.

*

तिसऱ्या दिवशी सात वाजता निघालो. काळोख होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि पाचच्या आत जातो, त्यामुळे दोन्ही टोकांना अंधार गृहीत धरूनच चालायचं. वाटाड्यानं आम्हाला जाकिटं काढायला लावली. "आत्ता थंडी वाजत असेल तर बरोबर आहे," म्हणाला. चढताना घाम आला आणि तो कपड्यांत मुरला तर वर गेल्यावर तोच जीवावर उठतो. इथली थंडी शून्याच्या आजूबाजूला घुटमळते, त्यामुळे ती ओली असते. खाली पाऊस, मध्ये चिखलबर्फ, वर गारठा, आणि या तिन्हींतून एकाच कपड्यांत जायचं. लडाखला उणे वीसमध्ये राहून आलेली माझी एक मैत्रीण इथे अधिक दोनमध्ये कुडकुडली होती.

ही वाट १८८३ साली बांधली. हौशीसाठी नाही, वर हवामानाची वेधशाळा उभारायची होती म्हणून, घोड्यांवरून सामान नेता यावं अशा बेतानं. त्याच्या आधी दोन वर्षं क्लेमेंट रॅग नावाचा एक उंच, तऱ्हेवाईक माणूस उन्हाळ्यातून रोज पहाटे हा डोंगर चढत असे, वरच्या उपकरणांचे आकडे टिपत असे आणि उतरत असे. त्याच वेळी त्याची बायको खाली गावात तेच आकडे टिपायची, म्हणजे वरच्या-खालच्या हवेची तुलना करता यावी. त्या बाईचं नाव फार कुणी घेत नाही. डोंगर न चढता रोजच्या रोज, वेळेवर, घड्याळ बघून आकडे लिहिणं हे काम मला हिशेबनीस म्हणून जास्त कळतं.

साधारण ५७० मीटरवर एक तळं आहे, तिथं उजाडलं. उजाडलं म्हणजे काळ्याचं राखाडी झालं. तळं गोठलेलं. तिथे थांबून गूळपोळी खाल्ली. संक्रांत होऊन तीन आठवडे झाले होते आणि मी मुद्दाम सहा पोळ्या राखून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी माझा डिंकाचा लाडू दगड झाला होता, चिक्कीनं दाढ हलली होती, बाकीच्यांचे चॉकलेटचे बार काडकन तुटत होते. गूळपोळी मात्र जशी नाशिकच्या डब्यात, तशीच बेनवर. ती आधीच कडक असते, थंडी तिचं आणखी काय करणार? वाटाड्यानं अर्धी घेतली, उलटीसुलटी करून बघितली, खाल्ली, आणि त्या दिवसातलं पहिलं लांब वाक्य बोलला: याच्यात पाणी नाही म्हणून ही गोठत नाही. मी त्याला उरलेली अर्धी देऊन टाकली. पाण्याच्या बाटल्या आम्ही पिशवीत उलट्या ठेवल्या होत्या. पाणी वरून गोठत येतं, म्हणजे उलट्या बाटलीत बर्फ बुडाला धरतो आणि झाकण उघडतं.

पुढची नागमोडी वळणं बर्फाखाली गडप होती. क्रॅम्पॉन्स चढवले. वारा वाढला. खाली गावात पाच अंश होते, तेव्हा वर उणे चार असणार हे गणित सोपं: हजार मीटरला साडेसहा अंश. पण वर ताशी साठ किलोमीटरचा वारा सांगितला होता, आणि त्या वाऱ्यात उणे चार अंगाला उणे चौदा लागतात. आकडा म्हणून उणे चौदा फार भयंकर नाही. मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. वाटाड्या माझ्यापुढे चार हातांवर होता, तो काहीतरी सांगत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते, आणि आवाज येत नव्हता.

बाराशे मीटरवर डोंगर सपाट होतो आणि ढगात शिरतो. तिथून वर काय होतं ते सांगणं अवघड आहे, कारण काही नव्हतं. खाली पांढरं, वर पांढरं, मध्ये जिथे रेघ असायला हवी तिथेही पांढरं. धुक्यात मी आयुष्यभर चालले आहे. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर स्वतःचा हात दिसत नाही. पण पायाखाली चिखल असतो, गवत असतं, शेणाचा पो असतो, त्यावरून चढ की उतार ते कळतं. इथे पाय टाकेपर्यंत जमीन वर आहे की खाली तेच कळेना. चुना फासलेल्या एका अशा खोलीत आणून सोडलंय जिच्या भिंतींना, जमिनीला आणि छताला कोपरेच नाहीत. दोनदा मी उभ्या उभ्या पडले. घसरले नाही. नुसता तोल कुठे सांभाळायचा तेच शरीर विसरलं.

मग एकदम एक दगडी खांब आला. त्याला हात लावला. एक वाजायला आला होता.

*

माथ्यावर त्या वेधशाळेचे अवशेष आहेत, बर्फानं भरलेल्या भिंती आणि एक बुटका मनोरा, ज्याच्यावर आता संकटकाळचा पत्र्याचा निवारा आहे. १८८३ च्या ऑक्टोबरपासून १९०४ पर्यंत इथे माणसं राहिली. दर तासाला बाहेर जाऊन तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस टिपत होती. रात्रीही. हिवाळ्यातही. बर्फ दारावर चढायचा म्हणून मनोऱ्याला वर दुसरं दार ठेवलेलं, म्हणजे खालचं घर गाडलं गेलं तरी वरून निघून थर्मामीटर वाचता यावा. कशासाठी, तर वीस वर्षांच्या आकड्यांचे रकाने भरावेत म्हणून. पुढे पैसे संपले आणि बंद झाली.

१८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाचा पंचविशीतला एक पदार्थवैज्ञानिक इथे दोन आठवडे बदली कामावर आला. एका सकाळी त्याला खालच्या ढगावर आपली सावली आणि तिच्या डोक्याभोवती रंगीत कडी दिसली. आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो तेच. कोकणकड्यावर कर्नल साइक्सला ते दिसलं होतं ही गोष्ट हरिश्चंद्रगडाच्या प्रत्येक मुक्कामात कुणीतरी सांगतंच. मी स्वतः ती शाळेतल्या पोरांना किमान पाच वेळा सांगितली असेल. साइक्सनं बघितलं आणि लिहून ठेवलं. विल्सन खाली उतरला आणि तसा ढग प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात तयार करू लागला. त्यातून अणूंच्या आतल्या कणांच्या वाटा दिसू लागल्या आणि १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. मला इंद्रवज्र दोन्हीकडे दिसलेलं नाही. कोकणकड्यावर आठ वेळा गेले. आठही वेळा ढग होता किंवा ऊन होतं, दोन्ही एकत्र एकदाही नाही.

आम्ही त्या निवाऱ्याच्या आडोशाला पाच मिनिटं बसलो. मी फोन काढला. नकाशा, जीपीएस, सगळं त्यात. ६८ टक्के बॅटरी दाखवली, आणि बघता बघता पडदा काळा. थंडीत असं होतं हे वाचलं होतं. वाटाड्या माझ्याकडे बघत होता. त्यानं खिशातून होकायंत्र काढलं, माझ्या हातात ठेवलं आणि कानाजवळ येऊन ओरडला, "तू पुढे."

बेन नेव्हिसवरून उतरण्याची एक गुरुकिल्ली आहे. इथल्या डोंगरी माणसाला ती फोन नंबरासारखी पाठ असते. माथ्यावरच्या खांबापासून २३१ अंशांवर १५० मीटर. मग वळून २८२ अंशांवर, उतार लागेपर्यंत. बस्स. याचं कारण नकाशा बघितला की पोटात खड्डा पडतो. उत्तरेला सहा-सातशे मीटरचा सरळ कडा आहे आणि त्या कड्याची एक घळ करवतीनं कापल्यासारखी पठारात आत, वाटेपर्यंत घुसली आहे. हिवाळ्यात तिच्या तोंडावर वाऱ्यानं बर्फाचा सज्जा तयार होतो, खाली आधार नसलेला. दुसऱ्या बाजूला, डावीकडे, पाच बोटांची म्हणून एक घळ आहे, ती सुरुवातीला अगदी सभ्य उतार देते आणि मग सोडून देते. या दोन्हींच्या मधून जायचं. घाईनं लवकर वळलात तर पहिली, वळायचं विसरलात तर दुसरी.

त्या पहिल्या घळीचं नाव गार्डीलू. जुन्या एडिंबरात उंच माड्यांवरून रस्त्यावर सांडपाणी ओतायच्या आधी बायका तशी हाळी द्यायच्या. मूळ फ्रेंच, अर्थ 'पाणी सांभाळा'. आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात वरच्या मजल्यावरची काकू "पाणी येतंय गोऽऽ" म्हणायची आणि गोऽऽ संपायच्या आत पाणी यायचं. वेधशाळेतली माणसं आपला कचरा त्या घळीत टाकायची, म्हणून हे नाव.

आदल्या दिवशी वाटाड्यानं सगळ्यांना शंभर मीटरची दोरी लावून बर्फातून चालवलं होतं. फक्त डाव्या पायाची पावलं मोजायची. माझी चौऱ्याहत्तर भरली. म्हणजे दीडशे मीटरला एकशे अकरा. तेव्हा मला हा सगळा प्रकार शाळेतल्या स्काउटसारखा वाटला होता.

चकतीवर २३१ लावायला जाड मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र कोंबणारा वरचा हातमोजा, अडचण करत होतं म्हणून मी उजव्या हाताचं काढलं, काखेत धरलं. चकती फिरवली. काख सैल झाली असणार. मिटन उडालं. ते पडलं नाही, वर गेलं, पतंग कटल्यावर जातो तसं, आणि त्या पांढऱ्यात दोन क्षण काळा ठिपका होऊन नाहीसं झालं. आत पातळ मोजा होता तेवढाच उरला. मी मागे बघितलं. वाटाड्यानं काही न बोलता स्वतःच्या पिशवीतून एक मिटन काढलं, माझ्या हातात कोंबलं आणि दोन बोटं वर केली.

मग मी मोजत निघाले.

पाचदहा पावलं बरं गेलं. मग माझ्या पायांनी मला सांगितलं की ही सुई चुकते आहे. हे सांगणं शंका म्हणून नव्हतं, खात्रीनं होतं. आपण इकडून आलो नाही, खाली जायचं तर उजवीकडे, उजवीकडे जमीन मऊ आहे, वाराही पाठीवर येतो, सगळं बरोबर वाटतं. सुई मला वाऱ्याच्या तोंडात, डावीकडे ढकलत होती. साबुदाणा गालांवर टोचत होता. उजवीकडे काय होतं ते मला माहीत होतं. वीस मिनिटांपूर्वी नकाशात बोट ठेवून दाखवलं होतं. तरीही पाय उजवीकडेच. सुईकडे बघायचं, पाऊल टाकायचं, पुन्हा बघायचं, आणि तेवढ्यात वाटेवरून दोन हात सरकलेली असायचे.

मधूनमधून वाटाड्या बर्फाचा गोळा करून माझ्यापुढे फेकायचा. गोळा पडून दिसला की तिथे जमीन आहे. अशी साधी युक्ती कुणाला पहिल्यांदा सुचली असेल? आणि त्याच्या पहिल्या गोळ्याचं काय झालं असेल?

मोजणी मराठीत चालली होती. माझं सगळं ऑफिस इंग्रजीत चालतं, बेरजाही आताशा इंग्रजीत होतात. पण लहानपणी अण्णांनी कळसूबाईच्या शिड्यांवर काळोखात शिकवलेलं, "पावलं मोज, चढ कळत नाही", ते त्यांच्याच भाषेत बसलेलं. त्यात एक अडचण होती. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर. प्रत्येक दशकाच्या उंबरठ्यावर मराठी पुढचा आकडा आधी बोलून टाकते, आणि गारठलेल्या तोंडातून 'एकोणसत्तर' निघेपर्यंत दुसरं पाऊल पडलेलं असतं. मी एकदा साठावरून थेट ऐंशीत गेले की काय असं वाटून थांबले. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांबरोबर मीही दात काढले होते. त्या पठारावर 'साठ नऊ' मिळालं असतं तर मी कुठल्याही मंत्र्याच्या पाया पडले असते.

एकशे अकरा. थांबले. चकती २८२ वर फिरवली. उजवीकडे वळले. आता सुई तिकडेच नेत होती जिकडे पाय मघापासून जाऊ म्हणत होते, फक्त दीडशे मीटर उशिरा. उजव्या हाताला ढग एका जागी गडद वाटला, तिकडून थंड हवेचा वेगळाच झोत आला, तळघराचं दार उघडल्यावर येतो तसा. वाटाड्या माझ्या आणि त्या गडदपणाच्या मध्ये येऊन चालू लागला. पुढे बऱ्याच वेळानं पायाखाली उतार लागला. दोनेकशे मीटर उतरल्यावर ढग वर राहिला आणि खाली खाडी दिसली, शिशाच्या रंगाची, एका बोटीसकट.

तेव्हा त्यानं बाही वर करून मनगट दाखवलं. त्याच्या घड्याळात जीपीएस होतं. सगळ्या वेळ चालू होतं.

मला राग यायला हवा होता. मी विचारलं, "किती चुकले?" तो म्हणाला, "आठ मीटर." आणि थोडं थांबून, "उजवीकडे."

*

तळ्यापाशी आल्यावर हातात रक्त परत आलं. याला इथे एक नाव आहे, पण नावानं काही कळत नाही. दारात बोटं चेंगरल्यावर जी कळ येते ती दहाही बोटांत एकदम, आणि ती वाढत जाते, मळमळतं, उभं राहवत नाही. मी दगडावर बसून रडले. डोळ्यांत पाणी वगैरे नाही, तोंड उघडून रडले. वाटाड्या शेजारी थर्मासचं झाकण उघडून उभा राहिला. दुखतंय म्हणजे चांगलं, म्हणाला. मिटन गेल्यापासून ते त्यानं दुसरं देईपर्यंत फार तर अर्धं मिनिट झालं असेल.

गाडीतळावर लोचाबरच्या बचाव पथकाच्या देणगीची पेटी होती. लोणावळ्याची शिवदुर्गची पोरं जशी रात्री-अपरात्री ताटावरून उठून दरीत उतरतात, तशीच ही माणसं. कुणी सुतार, कुणी नर्स, सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून, फुकट. मी पिशवी उघडून तिसऱ्या जोडाचे म्हणून वाचवलेले पैसे मोजून त्यात टाकले. चाळीस पौंड. त्यावेळी मला ते फार हिशेबशीर वाटलं.

रात्री अण्णांना फोन केला. नाशकात मध्यरात्र उलटली होती, पण ते जागे होते. हल्ली असतात.

"झालं का गं?"

"झालं अण्णा."

"वरून काय दिसलं?"

"काहीच नाही. पांढरं."

"देऊळबिऊळ?"

"नाही. एक पडकी वेधशाळा आहे."

ते थोडा वेळ गप्प होते. मग हिशेब तपासताना चष्मा खाली सरकवून विचारायचे तसं विचारलं, "मग पोचलात ते कळलं कसं?"

"खांब आहे एक. त्याला हात लागला."

"आणि परत कशा आलात?"

"मोजत," मी म्हटलं.

"किती?"

"एकशे अकरा."

"मी नव्हतो सांगत?" अण्णा म्हणाले, आणि मग, "आता झोप. बोटांना तेल लाव."